घरगुती संगणकावरील अडविलेल्या जोडण्यांचे आकलन : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : फायरवॉल, पोर्ट, नोंदवही, राउटर, संगणक साक्षरता

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून आहे. जिल्ह्याच्या स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, २००१ साली, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांमध्ये संगणक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. शिक्षक, शासकीय कर्मचारी व महाविद्यालयीन विद्यार्थी यांची एक संपूर्ण पिढी या मार्गाने संगणकाशी परिचित झाली. पुढे परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, सातबाराचा उतारा, बँकेचे व्यवहार अशी कामे महाजालावरून होऊ लागली आणि संगणक प्रशिक्षण केंद्रातून घरात आला.

घरातील संगणक महाजालाला जोडल्यानंतर पडद्यामागे काय घडते, हे जाणून घेण्याची गरज वापरणाऱ्याला सहसा भासत नाही. ती भासते ती एखाद्या दिवशी पडद्यावर ‘फायरवॉलने या प्रोग्रॅमचा काही भाग अडविला आहे’ अशा आशयाची इंग्रजी सूचना झळकते तेव्हा, किंवा कोणीतरी जाणकार फायरवॉलची नोंदवही उघडून दाखवितो आणि तीत ‘ड्रॉप’ या शब्दाने चिन्हांकित झालेल्या शेकडो ओळी दिसतात तेव्हा. अशा वेळी दोन प्रतिक्रिया संभवतात. एक म्हणजे भीती : आपल्या संगणकावर कोणी हल्ला करीत आहे असे वाटून मनुष्य दुरुस्तीसाठी पैसे मोजण्यास तयार होतो. दुसरी म्हणजे त्रागा : प्रिंटर चालत नाही, सूचना वारंवार येते, म्हणून फायरवॉलच बंद करून टाकली जाते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. अडविलेली जोडणी म्हणजे घडलेला अपघात, असा समज करून घेतला जातो. वास्तविक ती न उघडलेल्या दाराची नोंद असते. धोका असतो तो बहुधा अशा ठिकाणी, जेथे काहीही अडविले गेलेले नाही.

पत्ता, पोर्ट आणि पॅकेट

महाजालाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. पत्ता हा वाड्यासारखा मानला, तर पोर्ट म्हणजे त्या वाड्यातील खोल्यांचे क्रमांक होत. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असे असतात. संकेतस्थळे पाठविणारा संगणक सामान्यतः ४४३ किंवा ८० क्रमांकावर बसलेला असतो, तर विंडोज संगणकांमध्ये फाइलींची देवाणघेवाण ४४५ क्रमांकावरून चालते. माहिती लहानलहान तुकड्यांत पाठविली जाते व या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कोठून निघाले, कोठे जावयाचे आहे आणि कोणत्या पोर्टवरून कोणत्या पोर्टकडे, हे चार तपशील लिहिलेले असतात. टपालाच्या पाकिटावर पाठविणारा व घेणारा यांचे पत्ते असावेत तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की पाठविणाऱ्याचा पत्ता येथेही खोटा लिहिता येतो.

फायरवॉल हे पॅकेट पाहून त्याला आत सोडावयाचे की नाही हे ठरविते. सर्वसाधारण वाचकाला येथे एक प्रश्न पडतो. बाहेरून येणारी अनोळखी पॅकेटे जर अडविली जातात, तर संकेतस्थळाचे पान घरच्या पडद्यावर येते कसे? याचे उत्तर फायरवॉलच्या स्मरणशक्तीत आहे. संगणकाने स्वतः बाहेर एखादी जोडणी सुरू केली, की फायरवॉल तिची नोंद एका तात्पुरत्या तक्त्यात ठेवते. त्या ठिकाणाहून येणारे उत्तर या तक्त्याशी जुळते आणि आत येते. कोणी न विचारता आलेले पॅकेट तक्त्यात सापडत नाही व टाकून दिले जाते. थोडक्यात, आतून बाहेर जाणाऱ्याला मोकळीक आणि बाहेरून आत येणाऱ्याला चौकशी, असा विंडोजच्या फायरवॉलचा मूळ स्वभाव आहे. पुढील विवेचनात हा स्वभाव लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तिचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही यातूनच निर्माण होतात.

सूचनेची जी चौकट पडद्यावर येते, तिचा अर्थही यावरून उलगडतो. एखादा प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी दार उघडून बसू इच्छितो, एवढेच ती सांगते. वापरणाऱ्याने परवानगी नाकारली तरी त्या प्रोग्रॅमचे बाहेर जाणारे व्यवहार बहुधा सुरळीत चालतात. म्हणून शंका असल्यास नकार देणे हेच इष्ट होय. गरज पडल्यास परवानगी नंतरही देता येते.

नोंदवहीतील तीन ओळी

विंडोजमध्ये अडविलेल्या पॅकेटांची नोंद आपोआप होत नाही. फायरवॉलच्या प्रगत मांडणीत जाऊन ती सुरू करावी लागते. त्यानंतर ‘पीफायरवॉल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकेका पॅकेटची एकेक ओळ उमटू लागते. दिनांक, वेळ, कृती, प्रोटोकॉल, पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, पाठविणाऱ्याचे पोर्ट व घेणाऱ्याचे पोर्ट हा ओळीतील क्रम असतो. दिनांक वगळून नमुन्यादाखल तीन ओळी पुढे दिल्या आहेत. त्यांतील बाहेरचे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटांतील असून ते कोणाच्याही मालकीचे नाहीत.

२१:४२:०७ ड्रॉप टीसीपी २०३.०.११३.४५ १९२.१६८.१.५ ४४३ ५१८३४
२१:४२:०९ ड्रॉप यूडीपी १९२.१६८.१.९ २३९.२५५.२५५.२५० ५०११२ १९००
२१:४३:३१ ड्रॉप टीसीपी १९८.५१.१००.२३ १९२.१६८.१.५ ४०२१७ ४४५

पहिल्या ओळीत परका पत्ता पाहून मनुष्य दचकतो. परंतु पाठविणाऱ्याचे पोर्ट ४४३ आहे आणि घेणाऱ्याचे पोर्ट पन्नास हजारांच्या वरचे आहे. याचा अर्थ, घरातील कोणीतरी एखादे संकेतस्थळ पाहिले, पान बंद केले, फायरवॉलने आपल्या तक्त्यातील नोंद पुसली आणि त्यानंतर त्या संकेतस्थळाचे एखादे रेंगाळलेले पॅकेट येऊन पोहोचले. पाहुणे निघून गेल्यावर त्यांच्या नावाचे पत्र यावे, तसे हे आहे. संथ किंवा वारंवार तुटणाऱ्या जोडणीवर अशा ओळी अधिक दिसतात. त्यांत चिंतेचे कारण नाही.

दुसरी ओळ घरातलीच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असून ते बाहेरच्या महाजालावर फिरत नाहीत. येथे घरातील दुसरे एखादे यंत्र, उदाहरणार्थ दूरदर्शन संच किंवा मोबाइल, ‘या घरात कोणकोणती साधने आहेत?’ असे सर्वांना उद्देशून विचारीत आहे. २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता व १९०० हे पोर्ट याच हाकाटीसाठी ठरलेले आहे. विंडोजने ते जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदविलेले असेल, तर संगणक या हाकेला उत्तर देत नाही. घरचा प्रिंटर किंवा सामायिक फोल्डर दिसत नाही, या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते. उपाय सोपा आहे : घरचे जाळे ‘खाजगी’ म्हणून नोंदवावे. त्यासाठी फायरवॉल बंद करणे म्हणजे खिडकीचा कडीकोयंडा अडकतो म्हणून घराचा दरवाजाच काढून ठेवण्यासारखे होय.

तिसरी ओळ मात्र थांबून वाचण्यासारखी आहे. बाहेरच्या कोणीतरी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर दार ठोठावले व ते उघडले नाही, इतके तर उघडच आहे. खरा प्रश्न असा, की १९२.१६८.१.५ हा खाजगी पत्ता असताना बाहेरचे पॅकेट तेथपर्यंत पोहोचले कसे? घर आणि महाजाल यांच्यामध्ये राउटर असतो व न विचारता आलेले पॅकेट सामान्यतः तोच टाकून देतो. ते आत आले याचा अर्थ राउटरमध्ये कोणीतरी वाट मोकळी करून ठेवली आहे. संगणकाने पॅकेट अडविले हे चांगलेच झाले, परंतु त्या ओळीने राउटरमधील उघड्या वाटेची खबर दिली, हे अधिक महत्त्वाचे आहे. दार ठोठावणाऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा ती वाट शोधून बंद करणे श्रेयस्कर.

दार ठोठावणारे कोण?

महाजालावर अशी ठोठावणी अखंड चालू असते. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले. एका वेगवान जोडणीवरील एकाच संगणकावरून, जुन्या पद्धतीचे जवळजवळ सर्व पत्ते एखाद्या पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. संशोधक, सुरक्षा संस्था, शोधयंत्रे आणि गुन्हेगार असे सर्वच या मार्गाने पत्त्यांमागून पत्ते चाचपीत असतात. त्यात हिंगोलीच्या एखाद्या घराची निवड केलेली नसते. क्रमाने येणारा पुढचा आकडा, एवढीच त्या घराची ओळख.

शिवाय ज्या पत्त्यावरून ठोठावणी होते, तो गुन्हेगाराचाच असतो असे नाही. तो बाधित झालेल्या दुसऱ्या एखाद्या निरपराध घराचा संगणक किंवा कॅमेरा असू शकतो. २०१६ साली पसरलेल्या मिराई या दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे व रेकॉर्डर मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले. ही साधने मग इतरांची दारे ठोठावू लागली. त्या पत्त्यावर ‘प्रतिहल्ला’ करण्याची उमेद काही तरुणांना वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ व ६६ अन्वये दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी शिरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. समोरच्याने आधी दार ठोठावले, ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

या संदर्भात जिल्ह्यातीलच एका प्रकल्पाचा उल्लेख अस्थानी ठरू नये. गुरुत्वीय लहरींच्या वेधासाठी औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा आकारास येत असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. या उपकरणाला रेल्वे, वारा, भूकंप यांची कंपने सतत जाणवणार. म्हणूनच शांत भूभाग शोधून जागा निवडण्यात आली. तेथील शास्त्रज्ञांचे निम्मे कौशल्य कोणत्या हालचालीकडे दुर्लक्ष करावयाचे हे ओळखण्यात आहे. फायरवॉलची नोंदवही वाचणाऱ्याला लहान प्रमाणात हेच करावे लागते.

२००३ ते २०१७ : दोन अनुभव

फायरवॉल नसल्यास काय घडते, याचे उत्तर ऑगस्ट २००३ मध्ये मिळाले. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारा थेट महाजालाला जोडला जाई व मध्ये राउटर नसे. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, परंतु ती आपोआप सुरू होत नसे. ब्लास्टर या विषाणूने १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून प्रवेश मिळविला. वापरणाऱ्याने कोणतीही फाइल उघडण्याची आवश्यकता नव्हती. केवळ जोडणी होणे पुरेसे होते. संगणक ६० सेकंदांत बंद होणार असल्याची चौकट पडद्यावर येई आणि आकडे उतरू लागत. त्या वर्षांत संगणक हाताळलेल्या अनेकांना ती चौकट आजही आठवत असेल. या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००३ मध्येच उपलब्ध करून दिली होती. परंतु मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजून डायल-अपवर ती उतरवून घेणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. मे २००४ मध्ये सॅसर या विषाणूने ४४५ क्रमांकाचा असाच उपयोग केला. अखेर ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली. घरगुती संगणकाच्या सुरक्षिततेत याहून मोठा बदल क्वचितच झाला असेल.

दुसरा अनुभव महाराष्ट्राच्या अधिक जवळचा आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमचा फटका मर्स्क या जागतिक नौवहन समूहाला बसला आणि त्याच समूहाच्या व्यवस्थापनाखालील, नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हा प्रोग्रॅम बाहेरचे दार फोडून आला नव्हता. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने, तो आत शिरला. आत आल्यावर ४४५ क्रमांकाच्या पोर्टसह इतर मार्गांनी तो जाळ्यातील संगणकांवर पसरला. त्याआधी १२ मे रोजी आलेल्या वॉनाक्राय या प्रोग्रॅमने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

राउटरमागील घर आणि मोकळ्या वाटा

ब्रॉडबँड व पुढे फायबर जोडण्यांबरोबर राउटर घरोघरी आला. अनेक यंत्रांनी एकच बाह्य पत्ता वापरावा यासाठी ही योजना असली, तरी तिच्यामुळे बाहेरची ठोठावणी राउटरवरच थांबू लागली. म्हणूनच आज घरच्या संगणकाची नोंदवही उघडल्यास बहुतांश ओळी पहिल्या दोन प्रकारांच्याच असतात.

ही वाट मोकळी होते ती बहुधा घरच्यांच्याच सोयीसाठी. दुकानातील किंवा शेतावरील गोदामातील कॅमेरा मोबाइलवर दिसावा म्हणून बसविणारा कारागीर राउटरमध्ये एखादे पोर्ट उघडतो. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड तसाच राहतो. पुढे कॅमेरा बदलला जातो, वाट तशीच राहते. काही साधने तर राउटरला परस्पर सांगून वाट उघडून घेतात. यासाठी राउटरमधील ‘यूपीएनपी’ ही सोय बंद करणे, पोर्ट फॉरवर्डिंगची यादी वर्षातून एकदोनदा पाहणे आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे एवढे केले तरी पुष्कळ साधते. आयपी आवृत्ती ६ या नव्या पद्धतीत घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तेथे पत्ता सामायिक करण्यातून मिळणारा जुना आडोसा राहत नाही. राउटरची व संगणकाची फायरवॉल चालू असणे त्यामुळे अधिकच आवश्यक ठरते.

ज्याची ओळ उमटत नाही

विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्या स्वतःहून अडवीत नाही, हे आधी सांगितलेच आहे. पेनड्राइव्हमधून आलेला, किंवा फुकट मिळाला म्हणून उतरवून घेतलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेला प्रोग्रॅम आतून बाहेर जोडणी करतो. ती जोडणी आतून सुरू झाल्यामुळे फायरवॉल तिला वाट देते व तिच्या उत्तरालाही आत घेते. नोंदवहीत ‘ड्रॉप’ अशी ओळ उमटत नाही. म्हणून शेकडो अडविलेल्या ओळींचा संगणक निरोगी असू शकतो आणि कोरी नोंदवही असलेला संगणक बाधित असू शकतो.

अशा संशयाच्या वेळी यशस्वी जोडण्यांची नोंदही सुरू करावी आणि ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा वापरून कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी बोलत आहे हे पाहावे. संगणकावर कोणी काम करीत नसताना, ठरावीक अंतराने, एकाच अपरिचित पत्त्याकडे जाणाऱ्या जोडण्या शोधण्यासारख्या असतात. मुदत संपलेल्या प्रणालींचा प्रश्न याहून कठीण आहे. विंडोज एक्सपीला मिळणारे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. उत्तम फायरवॉल असली तरी दुरुस्ती न होणारे दोष आतच राहतात.

भीतीचा बाजार आणि तक्रारीचा मार्ग

संगणक कंपनीचा तंत्रज्ञ असल्याची बतावणी करून दूरध्वनी करणारे ठग नेमका याच अज्ञानाचा उपयोग करतात. समोरच्याला विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावयास लावून त्यातील तांबड्या खुणा दाखविल्या जातात आणि संगणक बाधित असल्याचे सांगितले जाते. अशा खुणा प्रत्येक चालू संगणकात असतात. त्यानंतर दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्रॅम बसविण्याचा आग्रह होतो. म्हणजे जे काम बाहेरून दार ठोठावून शेकडो वेळा जमले नाही, ते घरमालकाच्या हातून करून घेतले जाते. ही जोडणी कोणतीही फायरवॉल अडविणार नाही, कारण तिला घरातूनच परवानगी मिळालेली असते.

केवळ अडविलेल्या ओळींसाठी पोलिसांत जाण्याचे कारण नाही. संगणकात प्रत्यक्ष प्रवेश झाला असल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदविता येते व पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळविणे आवश्यक असते, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविण्यासाठी पहिले काही तासच हाती असतात. तक्रारीसोबत नोंदवही द्यावयाची झाल्यास केवळ समोरचा पत्ता पुरेसा नसतो. सेवा पुरविणाऱ्या कंपन्या एकच बाह्य पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरावयास देतात. ग्राहक ओळखण्यासाठी पत्त्याबरोबर पाठविणाऱ्याचे पोर्ट आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते, म्हणून संगणकाचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. नोंदवहीच्या फाइलची मर्यादा मुळात ४,०९६ किलोबाइट इतकीच ठेवलेली असते. ती भरली की जुन्या ओळी हळूहळू नाहीशा होतात. त्यामुळे फाइलची प्रत त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी जतन करावी, आणि संगणकाची डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.